डबरीपाऱ्याची फीवर परेड

माझी शेवटची पोस्टिंग रायपूरला झाली. वीस वर्षं नऊ महिने सर्व्हिस झाली होती. शेवटची दोन वर्षं घराजवळ मिळावीत म्हणून अर्ज करता येतो. मी केला आणि तो मंजूर झाला. फौजेकडून भांडण न करता मिळालेली ही माझी एकमेव गोष्ट.

माझं ट्रेड हेल्थ असिस्टंट. साध्या भाषेत सांगायचं तर साफसफाईचा हवालदार. पाण्यात क्लोरीन किती, लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, माश्या किती, संडासचा खड्डा लंगरपासून किती पावलांवर, हे बघणं माझं काम. हातात कायम चुन्याची बादली, म्हणून लढणाऱ्या जवानांनी मला ‘चुना हवालदार’ नाव ठेवलं होतं. डोंगरावर पाच वर्षं काढली. तिथे माझ्या कंपनीत एकदाही कावीळ पसरली नाही. पण न पसरलेल्या काविळीसाठी कोणी मेडल देत नाही. हे मी कडवटपणे लिहितोय असं वाटत असेल, तर बरोबर वाटतंय.

ओळखीचे लोक विचारतात, गजभिये, एवढी सर्व्हिस करून हवालदारच कसे राहिलात? आजवर मी विषय बदलत आलो. आज सांगतो.

तेव्हा राज्य होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. रायपूर राजधानी झालं होतं, पण निम्मी खाती अजून भाड्याच्या इमारतींत होती. आम्हीही तसेच. आमची लहानशी ट्रान्झिट डिटॅचमेंट, म्हणजे सेहेचाळीस माणसांची तुकडी, शहराच्या कडेला एका जुन्या धानाच्या गोदामात राहायची. माझं कुटुंब तात्यापाऱ्यात, रायपूरच्या मराठी वस्तीत, दोन खोल्यांत. पहाटे पाचला स्कूटर काढायची, साडेपाचला लाइन्समध्ये, म्हणजे जवानांच्या राहण्याच्या जागी, हजर. सहाला टाकीतल्या पाण्याचं टेस्टिंग, सातला लंगरची पाहणी, नऊला ओसी साहेबांना रिपोर्ट. ओसी, म्हणजे तुकडीचे प्रमुख, मेजर होते, तामिळी, हिंदी मोजून बोलणारे. एक शब्द जास्त नाही.

गोदामाच्या भिंतीपलीकडे डबरीपारा. पारा म्हणजे तिकडे वस्ती. एकेकाळी ते वेगळं गाव होतं. शहर वाढत आलं आणि त्यानं गाव गिळलं. शेतं गेली, तळ्याचं डबकं झालं, पण गावाचा कोटवार राहिला. कोटवार म्हणजे राखणदार आणि दवंडीवाला. गल्लीगल्लीतून ओरडत फिरायचं, त्याला तिथे हांका म्हणतात. हे काम पिढीजात. डबरीपाऱ्याचा कोटवार माझा मितान होता.

हे नातं महाराष्ट्रात नाही, म्हणून सांगावं लागेल. छत्तीसगडात दोन माणसं ठरवून मितान होतात. नारळ बदलतात, गमछे बदलतात, चार माणसं साक्षीला बसतात. त्यानंतर ते नातं रक्ताच्या बरोबरीचं. जात आडवी येत नाही. एकच नियम कडक असतो. मितानाचं नाव तोंडातून काढायचं नाही. त्यानंही आपलं काढायचं नाही. जन्मभर एकमेकांना ‘मितान’ म्हणूनच हाक मारायची.

माझे वडील भंडाऱ्याकडून येऊन रेल्वेत खलाशी झाले. आमचं क्वार्टर डबरीपाऱ्याला लागून होतं. कोटवाराचा मुलगा आणि मी एकाच तळ्यात पोहायला शिकलो. चौदाव्या वर्षी आम्ही मितान झालो. वडील पक्के जयभीमवाले, पूजापाठाच्या जवळ जायचे नाहीत. शेजाऱ्यांनी त्यांना टोकलं. वडील म्हणाले, “नारळाचं काय घेऊन बसले? माणूस जोडून राहिला पोट्टा.” नारळ त्यांनीच आणून दिला.

पुढे मी भरती झालो. आसाम, काश्मीर, राजस्थान, जिथे असेन तिथून त्याला पत्र टाकत असे. पाकिटावर नाव घालावंच लागतं. ते मी बराकीतल्या दुसऱ्या कोणाकडून लिहून घेई. पोरं हसत. हसू दे म्हणायचो.

त्या वर्षी होळीला पुण्याहून दोन भाऊ डबरीपाऱ्यात परत आले. बांधकामावर होते. होळीत सगळ्यांत मिसळले, फाग गायला बसले. तिसऱ्या दिवशी धाकट्याला ताप आणि धाप. त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी रिपोर्ट आला, स्वाइन फ्लू.

ओसी साहेबांचे हुकूम त्याच दिवशी निघाले. गेट बंद. एकही सिव्हिलियन आत नाही. लाइन्समध्ये सकाळी साडेपाचला आणि संध्याकाळी सहाला फीवर परेड. प्रत्येकाच्या काखेत थर्मामीटर. शंभरच्या वर गेला की वेगळी बराक. फौजेत हे सोपं असतं. फॉल-इन म्हटलं की माणसं उभी राहतात. अवघड फक्त एवढंच, की जवान ताप लपवतो. सिक रिपोर्ट करणाऱ्याला बाकीचे कामचोर समजतात. म्हणून मी कोणाला विचारत नसे. सरळ मोजत असे.

पण भिंतीपलीकडे काय? भाजीवाली तिकडची, धोबी तिकडचा, झाडूवाला तिकडचा. गेट बंद ठेवून किती दिवस काढणार होतो?

डबरीपाऱ्याच्या आरोग्य केंद्रात एक नर्स होत्या, मेश्राम सिस्टर. आमच्याच बाजूच्या, गोंदियाच्या. मी गेटबाहेर जाऊन त्यांना भेटलो आणि मोठ्या रुबाबात सांगितलं की लोकांना हात धुवायला लावा, अंतर ठेवायला लावा. त्या म्हणाल्या,

“भाऊ, हात धुवा, हात धुवा म्हणून मी घसा कोरडा करून राहिली. धुतील कशानं? दोन बोअरिंग हायेत. एक मेली, दुसरी मरून राहिली. प्यायला पानी नाही आन् तुम्ही मले साबन सांगून राहिले.”

माझ्या ट्रेडचा माणूस, आणि पाणी आहे की नाही ते आधी पाहिलं नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पाऱ्यात सहा गर्भार बाया होत्या. हा आजार त्यांना फार जड जातो, मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं. सहांतली एक माझ्या मितानाची सून. सातवा महिना. तिची आधीची दोन बाळंतपणं वाया गेली होती.

मितान त्या वेळी तिथेच उभा होता. त्याला मराठी सगळं कळायचं. सिस्टर गेल्यावर तो म्हणाला, “बहू ला कुछु झन होवय, मितान.” सुनेला काही होऊ नये. बाकी काही मागितलं नाही.

मी सौदा करणारा माणूस आहे. लोकांना ते आवडत नाही, पण माझं सगळं आयुष्य त्यावर उभं राहिलं. दहावी पास खलाशाच्या मुलाला कोणी आपण होऊन काही देत नाही. दोन बाजूंकडे काय आहे आणि त्यांना काय हवंय, ते बघायचं आणि मधे उभं राहायचं. आमच्याकडे पाण्याचा टँकर होता, दिवसातून दोन तास रिकामा. पाऱ्याकडे ताप होता, आणि तो कुठे कुठे आहे हे आम्हाला कळायला हवं होतं.

ओसी साहेबांकडे गेलो. त्यांनी आधी सरळ नाही म्हटलं. मी म्हटलं, साहेब, तापाला भिंत कळत नाही. त्यांनी परत नाही म्हटलं. मग माझा आवाज चढला. तो चढायला नको होता. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि भिंतीवरच्या नकाशात पारा शोधला. मग अटी घातल्या. टँकर रोज एक फेरी. त्याबरोबर मी, ड्रायव्हर आणि एक वायरलेस हँडसेट. मी पाऱ्यात कोणाच्या घरात शिरायचं नाही. आणि पाऱ्याची हजेरी रोज लेखी हवी.

“हंड्रेड परसेंट नहीं होगा,” ते म्हणाले. “दस घर कम आएगा तो भी चलेगा. उससे नीचे, टँकर बंद.”

पाऱ्यात एकशे आठ घरं होती. म्हणजे अठ्ठ्याण्णव आली तरी चालणार होती.

संध्याकाळी पाऱ्याच्या गुडीवर, म्हणजे पंचायतीच्या ओट्यावर, मितानानं लोक बोलावले. मी सौदा मांडला. रोज सकाळी साडेसहाला प्रत्येक घरातून एक माणूस इथे येईल. मी वहीतून घरातल्या प्रत्येकाचं नाव वाचीन. त्यानं फक्त सांगायचं, ठीक की गरम. गरम असेल तर सिस्टर थर्मामीटर घेऊन घरी जातील. ताप निघाला तर ते घर सात दिवस बाहेर पडणार नाही, पाणी त्यांच्या उंबऱ्यावर पोचेल आणि त्यांची हजेरीही तिथेच धरली जाईल. परेड झाली की पाणी. पहिलं पाणी गर्भार बायांच्या घरांना.

एक म्हातारी पुढे बसली होती. एकटी राहायची, सगळा पारा तिला डोकरी म्हणायचा. तिनं सिस्टरच्या हातातल्या थर्मामीटरकडे बोट केलं आणि मला विचारलं, “तोर कांडी ला देख के बुखार भाग जाही का?” तुझी काडी बघून ताप पळून जाणार का? लोक हसले. मी म्हटलं, माय, तो पळणार नाही. पण कुठे लपलाय ते दिसेल.

आणि मग मी म्हटलं, “एकशे आठ घरं. एक घर जरी कमी आलं, तर दुसऱ्या दिवशी टँकर नाही.”

दहा घरांची सूट मी खिशात ठेवली. सौद्यात शेवटचं पान कोणी दाखवत नाही. लोकांना सूट कळली की लोक सूट वापरतात. मितान शेजारीच उभा होता. त्यालाही मी सांगितलं नाही.

परेड सुरू झाली. सहाला मितान गल्लीगल्लीतून हांका द्यायचा. साडेसहाला गुडीसमोर रांग, दोन माणसांत तीन हातांचं अंतर, चुन्यानं आखलेलं. चुना हवालदाराचा चुना तिथे कामी आला. मी टेबलाशी वही घेऊन बसायचो. मितान माझ्या उजव्या हाताला उभा राहून लोकांना पुढे-मागे करायचा.

तोंडाला बांधायला फडकी हवी होती. लाइन्समधल्या कंडेम झालेल्या चादरी मी मागून घेतल्या. सदर बाजारातल्या एका कापडवाल्याशी तासभर हुज्जत घालून नाडीची रिळं फुकटात मिळवली. तात्यापाऱ्यातल्या आमच्या बायकांनी दोन दिवस मशिनी चालवल्या. माझी बायको म्हणाली, “वीस वर्सं फौज दूर होती, बरं होतं. आता घरात शिरली.” पण सर्वांत जास्त फडकी तिनंच शिवली.

पहिल्या दिवशी वही वाचत घर नंबर सदतीसवर आलो. ते मितानाचं घर. मितानिन, म्हणजे त्याची बायको, रांगेत उभी होती. मी तिचं नाव वाचलं, ठीक. मुलाचं वाचलं, ठीक. सुनेचं वाचलं, ठीक. चौथं नाव त्याचं होतं. ते मी वाचलं नाही. वाचणार कसा? मितानिन पदराआड हसली. मितानही हसला. तो समोरच तर उभा होता. मी पान उलटलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्याही. मग त्यात हसण्यासारखंही काही राहिलं नाही. सदतीस नंबरला तीन नावं वाचायची आणि पुढे जायचं, ही सवय झाली.

तिसऱ्या दिवशी चार घरं गरम निघाली. त्यांत एक डोकरी. पाचव्या दिवशी नऊ झाली. त्या घरांच्या उंबऱ्यावर पाणी मितान पोचवायचा. नियम माझा होता. हंडा ठेवायचा, हाक मारायची, तीन पावलं मागे यायचं. डोकरीला उठून हंडा आत घ्यायचीही ताकद नव्हती. तो आत गेला. पाणी पाजलं, पेज करून भरवली. दोन दिवस. हे मला नंतर कळलं.

सहाव्या दिवशी त्यानं गल्लीतून फिरणं सोडलं. मेलेल्या बोअरिंगच्या ओट्यावर उभा राहून पत्र्याच्या भोंग्यातून हांका देऊ लागला. पाणी वाटायला मुलाला लावलं. परेडच्या वेळी माझ्या शेजारी न थांबता दहा पावलं लांब, कडुनिंबाखाली उभा राहिला. मला वाटलं, कंटाळला. मी सगळ्यांसमोर टोमणा मारला, “काय मितान, कोटवाराचा साहेब झालास काय?”

फडक्याच्या वर त्याचे डोळे हसले. “हव मितान,” तो म्हणाला. हो. एवढंच.

सातव्या दिवशी हांका वीस मिनिटं उशिरा झाली. माझं डोकं फिरलं. टाइम म्हणजे टाइम, इथे लोक तुझ्या भरवशावर आहेत, असं मी रांगेसमोर त्याला सुनावलं. तो लांबून मान हलवत राहिला. सिस्टर हळूच म्हणाल्या, “भाऊ, कोटवाराचा आवाज काहून बसला?” मी म्हटलं, आठवडाभर बोंबलतोय, बसणारच. त्यांच्या हातात सहा गरम घरांची यादी होती. त्या गेल्या.

आठव्या दिवशी एकही नवीन घर गरम नव्हतं. सहाही गर्भार बाया ठीक. संध्याकाळी ओसी साहेबांना परेड स्टेट, म्हणजे हजेरीचा तक्ता, दिलं, एकशे आठपैकी एकशे आठ. त्यांनी कागद दोनदा वाचला. “गुड वर्क, गजभिये,” म्हणाले. वीस वर्षांत कोणा ऑफिसरनं माझ्या कामाला गुड म्हटलेलं मला आठवत नव्हतं. त्या रात्री मी चांगला झोपलो.

नवव्या दिवशी सहाला हांका झाली नाही.

सव्वासहाला टँकर गुडीजवळ उभा केला. मी घड्याळाकडे बघत राहिलो. रागानं कान तापले होते. सहा पंचवीसला एक दार उघडलं. मग दुसरं. माणसं आपली आपण आली आणि चुन्याच्या खुणांवर उभी राहिली. साडेसहाला रांग पूर्ण होती. हाक कोणी मारली नव्हती. तिची गरजही राहिली नव्हती.

मितानिन रांगेत होती. तिला विचारलं, मितान कुठे? ती गोंधळली. म्हणाली, चार दिवस तर गुडीतच झोपतायत, तुमची वही आणि टेबल राखायला. तुम्हीच सांगितलंय ना?

मी काही सांगितलं नव्हतं.

गुडीच्या मागे एक खोली आहे. दार लोटलेलं होतं. तो भिंतीला पाठ लावून बसला होता, कारण आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. तोंडावरचं फडकं तसंच. मांडीवर भोंगा. शेजारी पाण्याचा वेगळा लोटा, वेगळी ताटली. सिस्टरनी थर्मामीटर लावला. एकशे चार. ओठ निळे पडले होते.

मी हँडसेट उचलला. वेळ सहा एकेचाळीस.

“कंट्रोल, मोबाइल वन. एक कॅज्युअल्टी. सीरियस. गाडी भेजो. ओव्हर.”

“मोबाइल वन, कंट्रोल. कॅज्युअल्टी अपना या सिव्हिल? ओव्हर.”

त्या प्रश्नात चूक काही नव्हती. गाडी सिव्हिलियनसाठी निघायची तर वरून परवानगी लागायची. परवानगीला तास लागला असता. सिव्हिल अँब्युलन्सला फोन केला असता तर तीही कधी आली असती, माहीत नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता.

“अपना,” मी म्हटलं. “अपना. ओव्हर.”

अकरा मिनिटांत जिप्सी आली.

दवाखान्यात काउंटरवरच्या बाबूनं पेशंटचं नाव विचारलं. मी उभा राहिलो. त्यानं परत विचारलं. मग विचारलं, तुमचे कोण लागतात? मी म्हटलं, मितान. बाबू तिकडचाच होता. त्यानं वर पाहिलं, मला पुढे काही विचारलं नाही आणि सोबत आलेल्या मितानाच्या मुलाकडे वळला.

दुपारी ऑक्सिजनवर त्याला थोडा आराम पडला. मला मास्क घालून दोन मिनिटं आत सोडलं. मी विचारलं, काहून सांगितलं नाहीस? माझा आवाज तेव्हाही चढलेलाच होता. बोलायला त्याला वेळ लागला.

“एको घर कम होतिस त पानी बंद हो जातिस, मितान.”

एक जरी घर कमी पडलं असतं तर पाणी बंद झालं असतं. त्यानं हिशेब केला होता. त्याला ताप निघाला तर सदतीस नंबर सात दिवस बंद. हांका बंद. हांका नाही तर लोक येणार नाहीत. लोक नाहीत तर टँकर नाही. म्हणून तो सगळ्यांपासून लांब राहिला, सुनेपासून सर्वांत लांब, आणि उभा राहिला.

माझ्या खिशात दहा घरं होती. नऊ दिवस होती. मी त्याला तेव्हाही सांगितलं नाही. आता सांगून काय होणार, असं वाटलं. त्याला वाटत होतं की त्यानं पाणी वाचवलं. ते तसंच राहू दिलं.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी दुपारी दोन चाळीसला तो गेला. त्या दिवशी पाऱ्यात फक्त एक घर गरम होतं. डोकरी उठून बसली होती. परेडच्या चौदाव्या दिवशी एकही गरम घर उरलं नाही. परेड बंद करायला मी गुडीवर उभा राहिलो आणि वही मिटली. दोन शब्द सिस्टर बोलल्या.

त्यानंतर चौकशी झाली. रेडिओवर खोटा मेसेज. सरकारी गाडीचा गैरवापर. दोन्ही खरं होतं. ओसी साहेबांनी मला समोर उभं करून विचारलं, तो आपला होता का? मी म्हटलं, होता. ते म्हणाले, कागदावर दाखव. मी दाखवू शकलो नाही. मग मी जे बोललो ते हवालदारानं मेजरला बोलायचं नसतं. माझ्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये शिक्षेची लाल शाईची एंट्री लागली. त्या वर्षीच्या प्रमोशन बोर्डात माझं नाव आलं नाही. पुढच्या वर्षी मी हवालदार म्हणून घरी आलो. ओळखीचे लोक जे विचारतात त्याचं उत्तर एवढं आहे.

ओसी साहेबांबद्दल एक गोष्ट लिहिलीच पाहिजे, नाहीतर मी खोटा ठरेन. परेड बंद झाल्यावरही टँकर पाऱ्यात जात राहिला. रोज एक फेरी, जुलैत बोअरिंगला पाणी लागेपर्यंत. हजेरी कोणी मागितली नाही. मी विनंती केली नव्हती.

फौज सोडण्याआधी मी एक शेवटचा सौदा करायला गेलो होतो. डिटॅचमेंटच्या गेटवर एक फळा होता. ड्यूटीवर जीव गेलेल्या माणसांची नावं त्यावर असायची. मी म्हटलं, माझी लाल एंट्री राहू द्या, प्रमोशन नको, पण त्याचं नाव फळ्यावर घाला. उत्तर आलं, तो स्ट्रेंथवर, म्हणजे तुकडीच्या पटावर, नव्हता. मी अर्ज केले. तीन केले. तिन्हींचं उत्तर तेच.

कित्येक वर्षं मी हा राग धरून होतो. अजून आहे. समता कॉलोनीत माझं पाण्याच्या टाक्या साफ करायचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं फार घासाघीस केली की तोच राग त्याच्यावर निघतो, हे मला कळतं.

पण मागल्या वर्षी घर आवरताना ती वही सापडली. घर नंबर सदतीसचं पान काढलं. मितानिनच्या नावापुढे ओळीनं खुणा. मुलाच्या पुढे खुणा. सुनेच्या पुढे खुणा. चौथ्या ओळीत नाव सिस्टरच्या अक्षरात, आणि पुढे नऊ रकाने कोरे, दहाव्यापासून रेघ.

फौजेच्या यादीत तो नव्हता, म्हणून मी इतकी वर्षं भांडलो. माझ्या यादीत तो होता. तीच मी वाचली नाही. एक सकाळ जरी नाव मोठ्यानं वाचलं असतं, तर मितानिननं मागे वळून त्याच्याकडे पाहिलं असतं. ठीक की गरम, एवढंच तर सांगायचं होतं. ती खोटं बोलणारी बाई नाही.

त्याच्या सुनेला मे महिन्यात मुलगी झाली. पूर्ण दिवसांची. आता ती शाळेत जाते, भिंतीवरच्या भोंग्याला हात लावू देत नाही.

हे लिहायला घेतलं तेव्हा मी डबरीपाऱ्यात गेलो. मितानिनला सगळं सांगितलं. खिशातली दहा घरंही सांगितली. तिनं सुपातले तांदूळ पाखडून संपवले. मला वाटलं, आता उठून जायला सांगेल. मग तिनं विचारलं, चहा घेणार का?

चहा पिताना मी विचारलं, लेखात त्याचं नाव घालू का? नियम आहे. ती म्हणाली, नियम हाक मारायचा आहे. हजेरीत तर सगळ्यांचं नाव घेतात.

मी वही बरोबर नेली होती. तिथेच, तिच्या अंगणात बसून, ते पान उघडलं आणि नऊ रकाने भरले. पहिल्या पाच दिवसांपुढे ठीक. पुढच्या चार दिवसांपुढे गरम. मग उभा राहिलो आणि तिच्यासमोर ती ओळ वाचली. चौदाव्या वर्षानंतर ते नाव माझ्या तोंडातून पहिल्यांदा निघालं.

घर नंबर सदतीस. मनराखन. वय चव्वेचाळीस. कोटवार, डबरीपारा. नऊपैकी नऊ दिवस हजर.